गेम-विकीची संपादकीय नियमावली कशी तयार करावी

गेमची माहिती खेळाडू मिळून लिहितात तो विकी सुरू झालेला आहे, तो चालवणारी मीडियाविकी ही सॉफ्टवेअर प्रणाली व्यवस्थित चालते आहे आणि मोजके संपादक नियमित लिहीत आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. नियमावली करायला बसणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो विकिपीडियाची धोरणे जशीच्या तशी उचलण्याचा, आणि तो मुळीच मानू नये. विकिपीडियावर स्वतःचे संशोधन मांडण्यास मनाई आहे आणि विधानांना आधीच प्रकाशित झालेला विश्वासार्ह स्रोत लागतो. सर्वसाधारण ज्ञानकोशासाठी ते योग्यच आहे. गेम-विकीचे मुख्य काम मात्र नेमके तेच संशोधन असते. कोणत्या शत्रूवर आगीचा परिणाम होत नाही किंवा कोणते दार कोणत्या किल्लीने उघडते, हे सहसा कोठे छापून येत नाही. कोणीतरी खेळून पाहिल्यावरच ते कळते. ही मनाई आणली, तर संपादक ती धाब्यावर बसवतात किंवा पाने रिकामी राहतात.

सोपे भाग आधी उरकावेत. पानाचे शीर्षक गेममध्ये दिसते तेच ठेवावे आणि खेळाडूंमध्ये रूढ असलेली टोपणनावे पुनर्निर्देशनाने त्या पानाकडे वळवावीत. वस्तू, शत्रू, पात्रे आणि ठिकाणे यांच्यासाठी एकेक नमुना पान ठरवावे. विभागांचा क्रम इतरांनी त्यावरून घ्यावा. कथेतील रहस्य शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात किंवा माहितीचौकटीत येऊ देऊ नये. विकिपीडियाने स्पॉयलरच्या, म्हणजे पुढे रहस्य फुटणार असल्याच्या, सूचना २००७ मध्ये काढून टाकल्या, पण गेम-विकीचा वाचक बहुधा गेम अर्ध्यावर असताना पान उघडतो, त्यामुळे ते उदाहरण येथे लागू पडत नाही. ‘सर्वोत्तम तलवार’ यासारखी मते वस्तूच्या पानावर नकोत. डावपेचांसाठी वेगळे पान करावे.

खरा अवघड टप्पा पडताळणीचा आहे, आणि मीही सर्वांत जास्त काळ येथेच अडखळत होतो. अडचण अशी की, गेमविषयीचे विधान नुसते खरे किंवा खोटे नसते. ते एका आवृत्तीत आणि एका प्लॅटफॉर्मवर (संगणक, कन्सोल किंवा मोबाइल) खरे असते. माइनक्राफ्ट या गेमच्या दोन रूपांपैकी जावा एडिशनमध्ये २०१६ च्या १.९ या आवृत्तीने दोन वारांमध्ये थांबण्याची गरज आणली, तर बेडरॉक एडिशनला तो बदल तेव्हा लागू झाला नाही. तलवार किती वेगाने चालवावी या प्रश्नाला म्हणूनच दोन अचूक उत्तरे होती, आणि आवृत्ती न लिहिणारे दोन प्रामाणिक संपादक एकमेकांचे लेखन उलटवत बसले असते. म्हणून नियमावलीतील मध्यवर्ती नियम एकच असावा: पडताळण्याजोग्या प्रत्येक विधानाबरोबर आवृत्ती, प्लॅटफॉर्म आणि तपासण्याची पद्धत नोंदवावी. ‘सध्या’, ‘नुकतेच’ आणि ‘नव्या अपडेटमध्ये’ हे शब्द लेखात सरसकट वर्ज्य करावेत.

पुराव्यांची उतरंडही लिहून ठेवावी. सर्वांत वर, ठरावीक आवृत्तीत प्रत्यक्ष खेळून पाहिलेले वर्तन. त्यानंतर गेमच्या फाइलींतून काढलेले आकडे, पण सावधपणे: फाइलींमध्ये वगळलेल्या वस्तू आणि न वापरलेले संवाद पडून असतात, आणि तेथे लिहिलेला आकडा गेम चालताना तसाच वापरला जाईल याची खात्री नसते. तिसऱ्या जागी निर्मात्यांची पॅच-टिपणे, म्हणजे अपडेटसोबत दिलेली बदलांची यादी. पुष्कळ संपादक ती अंतिम मानतात; माझे मत ठामपणे उलट आहे. टिपणांतून निर्मात्यांचा हेतू कळतो, पण काही बदल त्यांत नोंदलेलेच नसतात आणि नोंदलेले काही बदल चुकीचे लागू होतात. टिपणे आणि प्रत्यक्ष गेम यांत विसंगती आढळली तर गेम जे दाखवतो ते लेखात लिहावे आणि विसंगती तळटिपेत नोंदवावी. व्हिडिओ आणि इतर विकी हे केवळ सुगावे आहेत, पुरावे नव्हेत.

वस्तू मिळण्याच्या प्रमाणाबाबत तर अजिबात सवलत देऊ नये. १ टक्का शक्यता असलेली वस्तू १०० प्रयत्नांत एकदाही न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, त्यामुळे ‘शंभरदा मारले, काहीच मिळाले नाही’ यावरून ती वस्तू काढून टाकली असे लिहिता येत नाही. १०० पैकी १० वेळा मिळाली तरी खरे प्रमाण साधारण ५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. असे प्रमाण लिहिताना एकूण प्रयत्न आणि यशस्वी प्रयत्न हे दोन्ही आकडे द्यावेत; ते नसतील तर टक्केवारी काढून टाकावी आणि ‘क्वचित मिळते’ एवढेच ठेवावे.

हा नियम माणसांच्या स्मरणावर सोडला तर टिकत नाही, म्हणून त्यासाठी एक साचा, म्हणजे अनेक पानांवर वापरता येणारा तयार तुकडा, बनवावा. साच्यात शेवटी तपासलेली आवृत्ती लिहिली जाते, गेमची चालू आवृत्ती एकाच मध्यवर्ती पानावर ठेवली जाते, आणि दोन्ही जुळल्या नाहीत की लेख आपोआप ‘पुन्हा तपासावे’ या वर्गात जातो. मध्यवर्ती पान बदलल्यावर हा वर्ग लगेच भरत नाही, कारण मीडियाविकी हे काम रांगेत लावून सवडीने करते. तेवढा वेळ थांबावे. याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय साच्यातील आवृत्ती कोणीही पुढे ढकलू नये. यादी रिकामी दिसावी म्हणून बॉटने (आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामने) शेकडो पानांवरचा आकडा बदलला, तर कोणते पान खरोखर तपासलेले आहे हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि साऱ्या विकीची पडताळणी पुन्हा मुळापासून करावी लागते. असे संपादन संपूर्ण उलटवावे, करणारा कितीही जुना असो.

कालबाह्य माहिती पुसू नये. ती आवृत्तीसह ‘बदलांचा इतिहास’ या विभागात हलवावी, कारण जुन्या आवृत्तीवर खेळणारे लोक असतातच, आणि पानाच्या संपादन-इतिहासात शिरून ती शोधणे सामान्य वाचकाला जमत नाही.

दुसऱ्या विकीवरून मजकूर घेण्याविषयी एक स्पष्ट परिच्छेद हवा. गेम-विकींचा बराचसा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश आणि समान-परवाना या अटींवर खुला असतो. रूनस्केपच्या विकीने २०१८ मध्ये आणि माइनक्राफ्टच्या विकीने २०२३ मध्ये फॅन्डम हे विकींना जागा देणारे संकेतस्थळ सोडले, तेव्हा जुना मजकूर सोबत नेता आला तो अशा परवान्यामुळेच. तथापि घेणाऱ्याने मूळ पानाचा दुवा संपादन सारांशात द्यावा, परवाना तोच ठेवावा, आणि उचललेले प्रत्येक विधान आपल्या साच्यात ‘न तपासलेले’ म्हणून नोंदवावे.

वाद झाल्यास लेख वादापूर्वीच्या स्थितीत ठेवून चर्चा पानावर बोलावे, आणि दोन्ही बाजूंनी एकाच आवृत्तीवर केलेली चाचणी मांडावी. चर्चेतून नवा नियम निघाला तर तो नियमावलीत घालताना त्या चर्चेचा दुवा आणि तारीख शेजारीच लिहावी. पुढे कोणी तो नियम बदलू पाहील, तेव्हा तो का केला होता हे त्याला तेथेच वाचता येईल.