आस्तिक, नास्तिक की "माहीत नाही": घरात कोण काय मानतं ते विचारायचं कसं

गणपती जवळ आले की वाद ठरलेला. मुलगा म्हणतो मी नास्तिक आहे, आई म्हणते मग मोदक कशाला हाणतोस, आणि विषय तिथेच संपतो, कोण नक्की काय मानतं ते कुणी विचारतच नाही.

विचारायचंच असेल तर आधी दोन प्रश्न सुटे करा. देव आहे असं तुला वाटतं का, हा एक, आणि ते खात्रीने कळू शकतं का, हा दुसरा. "माहीत नाही" म्हणणारा अज्ञेयवादी म्हणजे कुंपणावर बसलेला असं बरेच जण धरून चालतात, ते चूक आहे. टी. एच. हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १८६९ मध्ये "अ‍ॅग्नॉस्टिक" हा मूळ इंग्रजी शब्द काढला तो दुसऱ्या प्रश्नासाठी, जे कळलेलं नाही ते कळल्यासारखं बोलू नका एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे "कळणार नाही पण मी हात जोडतो" हाही अज्ञेयवादी आणि "कळणार नाही म्हणून मी मानत नाही" हाही. बुद्धाला पण लोकांनी विचारलंच होतं की जग शाश्वत आहे का, त्याने उत्तर दिलं नाही, कारण ते कळून दुःख काही सुटत नाही.

नास्तिकाला "देव नाही हे सिद्ध कर" म्हणून कोपऱ्यात घेऊ नका. बहुतेकांचं म्हणणं "पटेल असं कारण मिळालं नाही" इतकंच असतं. "नाहीच!" म्हणून टेबल आपटणारे वेगळे, त्यांच्याकडे खुशाल पुरावा मागा.

आस्तिकांचं जास्त अवघड आहे. वसईच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला लोक उभं राहून आपण काय मानतो ते शब्दांत म्हणतात, मुसलमानांचा कलमा आहे. हिंदूंकडे सगळ्यांना लागू असं एक वाक्य नाही, सांख्य आणि पूर्वमीमांसा ही जुनी दर्शनं तर वेद मानूनही जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय चालतात. त्यामुळे आजीला "देव असल्याचा पुरावा काय" विचारणं फालतूपणा आहे. त्यापेक्षा विचारा, अडचणीत कुणाला हाक मारतेस आणि नवस फेडूनही काम झालं नाही तर काय म्हणतेस? "त्याच्या मनात नसेल" म्हणाली तर तो भरवसा आहे, तिथे वाद घालून काही उपयोग नाही. "सासूबाई करायच्या म्हणून करते" म्हणाली तर ती रीत झाली, आणि अशा आज्या पुष्कळ असतात बरं का, देवघरातच सापडतात.

आता खरी परीक्षा, नव्या फ्लॅटचा सत्यनारायण. नास्तिक मुलाने खुर्च्या लावाव्यात, चपलांचा ढीग सरळ करावा, सव्वाच्या मापाचा शिरा दोनदा घ्यावा, यात त्याचं काही बिघडत नाही. अडतं ते संकल्पाला. गुरुजी गोत्र विचारतात, नाव घ्यायला लावतात, पळीने हातावर पाणी सोडतात आणि ते ताम्हणात पडतं, म्हणजे अमुक फळासाठी हे पूजन मी करतोय असं तुम्ही स्वतःच्या नावाने बोलून बसता. ज्याला हे पटत नाही त्याने आठवडाभर आधी सांगावं, पाटावर बसायला बहीण-मेहुणे तयार असतात. चौरंग मांडून झाल्यावर तत्त्व आठवणाऱ्यांचा मला वैताग येतो.

अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे लोक) म्हणजे देव बुडवायला निघालेले, हे पण डोक्यातून काढा. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकरांची मांडणी देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाविरुद्ध होती, आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही नरबळी, अघोरी प्रकार, भोंदूगिरी यांच्यावर आहे, तुमच्या पूजेवर नाही.

फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यावरून घरात भांडण होत असेल तर मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, आपला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क आहे.

आणि एक गोष्ट लोक टाळतात, ती जिवंतपणीच बोलून ठेवा: आपलं दहावं-तेरावं करायचं की नाही. देहदान करायचं असेल तर मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो, पण ऐनवेळी देह ताब्यात द्यायचा की नाही हे शेवटी घरच्यांच्या हातात असतं, त्यामुळे सही करताना भाविक भावालाही शेजारी बसवा.