डेटा सांभाळायला शिकवताना चार्टिंगपासून (वॉर्डात रुग्णाच्या नोंदी ठेवण्यापासून) सुरुवात करा

बडोद्यात नर्सिंगच्या पीएचडी विद्यार्थिनींना मी डेटा सांभाळायला शिकवते, तेही पहिला फॉर्म भरून घेण्याच्या आधी. फॉर्म जमल्यावर शिकवून फारसा उपयोग नाही, तोवर घोळ शीटमध्ये मुरलेला असतो.

व्याख्यान नको. काल्पनिक रुग्णांची, मुद्दाम बिघडवलेली एक्सेल शीट हातात द्या. माझ्या शीटमध्ये गावाच्या रकान्यात ‘बडोदा’, ‘बरोडा’, ‘वडोदरा’ असं तिन्ही आहे. संगणक ती तीन गावं धरतो. ‘१-२’ लिहिलेल्या जागी एक्सेलने परस्पर तारीख करून टाकलीय. आणि वेदनेच्या ० ते १० च्या मोजपट्टीवर नऊ जणांचे गुण ४, दहाव्याने उत्तर दिलं नाही म्हणून तिथे ९९. सरासरी काढायला सांगा. १३.५ येते! दहाच्या पट्टीवर साडेतेरा बघितल्यावर कोडबुक, म्हणजे प्रत्येक रकाना कसा भरायचा ते सांगणारी यादी, कशाला हवं, हे पटवावं लागत नाही.

मग ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या: रकान्याचं नाव, अर्थ, एकक, कुठून कुठपर्यंतचे आकडे चालतील, उत्तर नसेल तर काय भरायचं. प्रेशर अल्सरचा (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा) धोका मोजणारी ब्रेडन स्केल असेल तर बेरीज ६ ते २३ मध्येच हवी, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त, हे स्पष्ट लिहायला लावा. इथे हमखास उलटं धरलं जातं.

मूळ फाइलचं महत्त्व त्यांना चटकन कळतं, कारण वॉर्डात त्या हेच करत आलेल्या असतात. चार्टवर चूक झाली तर व्हाइटनर लावत नाही. एक रेघ मारून, सही-तारीख घालून शेजारी बरोबर नोंद करतो. तसंच मूळ शीटला हात लावायचा नाही. दुरुस्ती प्रतीत करायची. काय बदललं, कधी आणि का, हे वेगळ्या पानावर.

नाव, केस नंबर, फोन पासवर्ड लावलेल्या वेगळ्या फाइलमध्ये; कामाच्या शीटमध्ये फक्त कोड. भरलेल्या फॉर्मचे फोटो गाइडला व्हॉट्सअॅपवर पाठवणं सक्त बंद. याबाबत मी अजिबात सूट देत नाही: रुग्णाने विश्वासाने सांगितलेलं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतला गोपनीयतेचा भाग वर्गात वाचून घ्या. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

पायलट स्टडी (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) झाली की ड्यूटीचा हँडओव्हर करतात तशी शीट आणि कोडबुक मैत्रिणीकडे द्यायला सांगा. देणारीने तोंड उघडायचं नाही. घेणारी जिथे अडेल तिथे कोडबुकमध्ये ओळ वाढवायची. अडणं थांबलं की मुख्य अभ्यासाचे फॉर्म छापायला द्या.