जंगली पुदिन्याचं तेल तपासताना या चुका टाळा

काश्मीर-हिमाचलात ओढ्याकाठी माजणारा लांब पानांचा जंगली पुदिना, म्हणजे मेंथा लाँगिफोलिया, एका जातीचा असला तरी त्याचं तेल एकसारखं नसतं. तेलातलं मुख्य रसायन झाडागणिक बदलतं: कुठल्या झाडात कार्व्होन भरपूर, कुठल्यात पुलेगोन, तर कुठल्यात पिपेरिटेनोन ऑक्साइड.

म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसेल त्या झाडाची मूठमूठ पानं एकाच पिशवीत कोंबून क्लेव्हेंजरला (पानं पाण्यात उकळून तेल काढायच्या काचेच्या उपकरणाला) लावणं. झाड ही रसायनं लिमोनीन नावाच्या रसायनापासून बनवतं. लिमोनीनच्या रेणूवर सहाव्या जागी ऑक्सिजन बसला, तर वाट कार्व्होनकडे जाते. तिसऱ्या जागी बसला, तर पुलेगोन आणि मेंथोनकडे. कुठली वाट धरायची हे मुख्यतः जनुकं ठरवतात. मिसळलेल्या नमुन्यात दोन्ही वाटांची रसायनं दिसतात आणि प्रत्येक झाड दोन्ही बनवतं असा गैरसमज होतो. असलं ‘सरासरी’ झाड त्या ओढ्यावर नसेलही. नमुना झाडागणिक वेगळा ठेवा, तेल थोडं मिळालं तरी चालेल.

याच्या उलट चूकही होते. पुदिना जमिनीखालच्या खोडांनी पसरतो, त्यामुळे जवळजवळच्या दहा फांद्या म्हणजे बहुधा एकच झाड. अंतर राखून तोडा.

पानांचं वयही सांभाळा. पेपरमिंटच्या कोवळ्या पानांत मेंथोन जास्त असतं, पान जून होईल तसं मेंथॉल वाढतं. एका गावात फुलोऱ्याआधी आणि दुसऱ्यात फुलोऱ्यानंतर तोडणी केली, तर तुलनेला अर्थ नाही. वाळवणं सावलीतच, कारण तेलाच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावरच असतात आणि उन्हात तेल उडून जातं.

‘उंचीमुळे तेल बदललं’ हे वाक्य तर फारच स्वस्त झालंय. दोन्हीकडच्या फांद्या एकाच वाफ्यात लावा. फरक तिथेही टिकला तर तो झाडाचा, हवेचा नव्हे.

तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्राच्या लायब्ररीने (साठवलेल्या नोंदींनी) सुचवलेलं नाव डोळे मिटून लिहू नका. मेंथोन आणि आयसोमेंथोनचे मास स्पेक्ट्रम (रेणू फोडल्यावर मिळणाऱ्या तुकड्यांचे नकाशे) जवळपास सारखेच येतात, म्हणून अल्केनांची (साध्या हायड्रोकार्बनांची) मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे घटक यंत्रातून कधी बाहेर पडतो याचा त्या मालिकेशी ताडलेला आकडा, काढाच. कार्व्होनची गंमत आणखी वेगळी: पुदिन्यातलं आणि शेपूच्या बियांतलं कार्व्होन एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं, वास निराळे, पण स्पेक्ट्रम तोच. तिथे अशी प्रतिबिंबं वेगळी करणारी नळी, म्हणजे कायरल कॉलमच लागतो.

पुलेगोन जास्त प्रमाणात यकृताला घातक असतं. तेव्हा ‘जंगली पुदिन्याचं तेल औषधी’ असं छापण्याआधी ते कुठल्या झाडाचं, हेही लिहा.