खिडकी मिटली, फोन अडकलेलाच: डायल-अप तोडताना या चुका टाळा

ही डायल-अपच्या दिवसांतली गोष्ट: मॉडेम नावाचं यंत्र घरच्या फोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेट जोडायचं आणि तोवर फोन अडकून राहायचा. डिचोलीत आमच्या शेजारच्या मास्तरांचा मुलगा बोटीवर असे. बोट बंदराला लागली की घरी फोन करी. चवथीच्या संध्याकाळी तो तासभर नंबर फिरवत होता आणि आरती आटोपून मास्तर फोनकडे डोळे लावून बसले होते. लाइन एंगेज! दुपारी मेल वाचून त्यांनी इंटरनेट एक्सप्लोररची खिडकी फुलीवर टिचकी मारून मिटली, पण मॉडेमने लाइन काही सोडली नव्हती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घड्याळाशेजारी दोन छोटे संगणक दिसतात तोवर कॉल चालू आहे आणि बिल चढतंय. त्यांच्यावर उजवी टिचकी मारून ‘डिसकनेक्ट’ म्हणा. विंडोज एक्सपीत ते चित्र दिसत नसेल तर कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ते दाखवायची खूण करून ठेवा.

त्यानंतरही पडद्यावर भरवसा ठेवू नका. दहा सेकंदांनी रिसिव्हर उचला. डायल टोन आला तरच लाइन सुटली. बाहेरचा मॉडेम असेल तर ‘ओएच’ (ऑफ हुक, म्हणजे लाइन उचललेली) लिहिलेला दिवा विझलेला हवा. दिवा विझतच नसेल तर मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड उघडून जादाच्या कमांडची चौकट बघा. कुणीतरी तिथे ‘एटी&डी0’ टाकून गेलेला असतो. म्हणजे संगणकाने ‘सोड’ म्हटलं तरी मॉडेम ऐकत नाही. शून्य खोडून 2 करा (कमांड इंग्रजी अक्षरांतच हवी: AT&D2).

‘20 मिनिटं काही केलं नाही की आपोआप तुटेल’ ही सेटिंग चांगली आहे, पण तिच्या जिवावर झोपायला जाऊ नका. मेसेंजर किंवा अँटिव्हायरस मागच्या मागे थोडं थोडं काही पाठवत राहतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मास्तरांकडे दुसऱ्या आठवड्यात निराळाच प्रकार. नीट तोडलेलं कनेक्शन अर्ध्या तासाने आपोआप किंचाळत जोडलं जाई. मास्तरीणबाईंना तर करणीचाच संशय आला होता! मेलचा प्रोग्रॅम आउटलुक एक्सप्रेस दर 30 मिनिटांनी मेल बघायला स्वतःच डायल करत होता. टूल्स, ऑप्शन्स, जनरल इथे ‘जोडलेलं नसेल तर जोडू नका’ हा पर्याय निवडला आणि करणी उतरली. तिथेच कनेक्शनच्या पानावर पाठवणं-घेणं झालं की फोन ठेवण्याची सोयही आहे. ज्यांना फक्त मेलच बघायची असते त्यांनी ती वापरावी.

तार उपटून कनेक्शन तोडणारेही आहेत. ‘लाइन तुटल्यास पुन्हा डायल करा’ ही खूण असली की तार परत लावताच मॉडेम पुन्हा नंबर फिरवू शकतो. ती खूण आधी काढा.

मात्र डिसकनेक्ट केल्यावर, जूनात गडगडाट सुरू झाला की भिंतीतली तार जरूर काढा. वीज फोनच्या तारेतून शिरून मॉडेम जाळते. फक्त एक लक्षात ठेवा: फोन मॉडेममधून पुढे जोडलेला असेल तर तोही मुका होतो. पाऊस थांबला की तार परत लावा, नाहीतर बोटीवरून फोन आला तरी घरात घंटा वाजणार नाही.