भातखाचरातले पक्षी मोजताना या चुका टाळा

जुलैत खाचर बगळ्यांनी पांढरं दिसतं, सप्टेंबरात जेमतेम दोन-चार. 'पक्षी घटले' असं लिहिण्याआधी खाचरात तेव्हा काय चाललं होतं ते बघा. कोकण-गोव्यातल्या बऱ्याच नोंदी नेमक्या इथेच फसतात.

पहिली चूक म्हणजे तारखेवर चालणं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फेरी मारली, तर एका वर्षी चिखलणी सापडते आणि पुढच्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे नुसतं तरव्याचं (रोपांचं) शेत. फेऱ्या पिकाच्या अवस्थेवर बांधा: चिखलणी, लावणीनंतर साधारण 15 दिवस, फुटवे, दाणा दुधात, कापणी आणि कापणीनंतरची धसकटं. वायंगण (हिवाळी भात) होत असेल तिथे हेच चक्र हिवाळ्यात पुन्हा. प्रत्येक नोंदीत पिकाची उंची आणि पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये लिहा. बांबूच्या काठीवर खुणा केल्या की काम भागतं. तुताऱ्यांना (चिखलात चरणारे छोटे पक्षी) चार-पाच सेंटिमीटरपर्यंतचं पाणी किंवा नुसता चिखल लागतो, लांब पायांचे बगळे त्याहून खोल पाण्यातही उतरतात. खोली लिहिली नसेल तर तुतारी का आली नाही हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

चिखलणीच्या दिवशी दुहेरी मोजणी हमखास होते. पॉवर टिलर किडे, बेडूक, गांडुळं वर काढतो आणि तोच थवा त्याच्या मागून या खाचरातून त्या खाचरात जातो. प्रत्येक खाचराचा आकडा घेऊन बेरीज करू नका. एका जागी उभं राहून 10 मिनिटं बघा आणि एका नजरेत दिसलेली सर्वात मोठी संख्या तेवढी लिहा. पुढचा थांबा किमान 200 मीटरवर ठेवा.

ओळखही याच दिवसांत चुकते. छोट्या बगळ्याची पिवळी बोटं चिखलानं माखलेली असतात, म्हणून चोच बघा: छोट्या बगळ्याची ती काळी असते, पण विणीच्या काळात मध्यम आणि मोठ्या बगळ्याचीही काळी होते, तेव्हा आकारही ताडून बघा. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर पावसाळ्यात केशरी झाक असते, हिवाळ्यात तो पूर्ण पांढरा होतो. मग आखूड मान आणि जाडसर हनुवटीवर भर द्या. ढोकरीचंही (खाचरातला छोटा मातकट बगळा) तसंच: विणीच्या काळात पाठ गडद तांबूस, नंतर पाठ मातकट आणि डोकं-मान रेघांची. हिवाळ्यात वेगळाच पक्षी समजून नोंद करणारे आहेत.

ऑगस्टनंतर पीक कमरेला लागतं आणि ढोकरी समोर असूनही दिसत नाही. इथे शून्य म्हणजे 'नाही' नव्हे, 'दिसला नाही'. पाणकोंबडी आवाजावर नोंदवा आणि 'ऐकला' असा वेगळा रकाना ठेवा. बांधावरून चालताना उडालेले पक्षीही वेगळे लिहा. बसलेल्यांत मिसळले तर उंच पिकाची आखूड पिकाशी तुलना होत नाही.

दाणा दुधात आला की मुनिया आणि बाया (सुगरण पक्षी) थव्यानं उतरतात. राखणदार हाकारे घालत असेल, पत्र्याचा डबा वाजत असेल तर तसं लिहा, कारण थवा तेव्हा शेजारच्या मळ्यात असतो. बायाला नुसता चोर ठरवणंही घाईचं आहे: तो पिल्लांना किडे भरवतो आणि घरट्यासाठी भाताच्या पातीच्या पट्ट्या नेतो.

कापणीनंतर धोबी पक्षी आणि लांब चोचीचे पाणलावे येतात. पाणलावा उडाला की पंखाची मागची कड बघा. पांढरी पट्टी स्पष्ट दिसली तर साधा पाणलावा, नाहीतर 'पाणलावा, जात अनिश्चित' लिहून पुढे चला.

खाजन जमिनीत (खाडीकाठची बांध घातलेली शेती) आणखी एक गोष्ट. कापणीनंतर मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडून खारं पाणी आत घेतलं की तिथले पक्षी भाताचे राहत नाहीत, खाडीचे होतात. भरतीला खाडीचा चिखलाट बुडला की तुताऱ्या, चिखले (त्यांच्यासारखेच चिखलातले पक्षी) आत येतात, ओहोटीला परत जातात. म्हणून भरती-ओहोटीची वेळ आणि मानस उघडी की बंद, हे नोंदीत हवंच.

जुन्या नोंदींत अवस्था लिहिलेली नसेल तर शेतकऱ्याला लावणीची तारीख विचारा, बऱ्याच घरांत ती नक्षत्रासकट सांगतात. त्या दिवसाचा फोटो असेल तर पिकाची उंची त्यावरून काढता येते. दोन्ही नसेल तर ती फेरी तुलनेतून वगळा.