‘लक्ष कुठे होतं?’ विचारू नका: छोट्या कारखान्यातली चूक शोधण्याची आणि अडवण्याची रीत

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं रबाळे-महापे, पंधरा-वीस माणसांच्या युनिटमध्ये जॉब (हातातली बनत असलेली वस्तू) बिघडला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘लक्ष कुठे होतं?’ याला उत्तर नसतं. माणूस मान खाली घालतो, सुपरवायझर समज देतो, आणि दोन महिन्यांनी तीच चूक दुसऱ्याच्या हातून होते. माणूस बदलला तरी चूक तीच राहिली, तर ती मांडणीत शोधायची.

जॉब टेबलावर तसाच ठेवून, त्याच पाळीत विचारा: ‘तुला काय करायचं होतं?’ ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चुकांचे जे प्रकार पाडले, ते या एका प्रश्नाने वेगळे काढता येतात. ‘करायचं बरोबरच होतं, हात दुसरीकडे गेला’ ही हातचूक. ‘करायचं होतं, राहून गेलं’ हा विसर. ‘असंच असतं ना?’ ही समजचूक. ‘माहीत होतं, पण वेळ नव्हता’ म्हणजे नियम जाणून मोडला. ट्रेनिंगचा उपयोग मुख्यतः तिसऱ्याला. पहिल्या दोन चुका मुरलेल्या कारागिराकडूनही होतात, कारण त्याचे हात विचार न करता चालतात. नवखा प्रत्येक स्क्रूकडे बघत असतो. वीस वर्षं काम केलेल्या फिटरला हातचुकीसाठी ट्रेनिंगला बसवणं म्हणजे वेळ वाया, वर त्याचा अपमान.

इलेक्ट्रिक पॅनेलचं काम घ्या. ४ आणि ६ चौरस मिलिमीटर केबलचे लग (केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) शेजारशेजारच्या सारख्या डब्यांत असतील तर अदलाबदल होणारच. लेबल मोठं करून फार फरक पडत नाही; सवयीचा हात लेबल वाचत नाही. डबे वेगळ्या आकाराचे घ्या, वेगळ्या रॅकवर ठेवा, आणि चालू जॉबला लागणारा तेवढाच डबा टेबलावर येऊ द्या. उलटा बसू शकणारा भाग असेल तर जिगमधली (भाग धरून ठेवणाऱ्या साच्यातली) एक पिन मध्यापासून थोडी बाजूला सरकवा, म्हणजे तो उलटा बसणारच नाही. घरातल्या तीन पिनच्या प्लगमध्ये हेच आहे: अर्थची पिन जाड म्हणून दुसऱ्या भोकात शिरत नाही, लांब म्हणून सर्वांत आधी जोडली जाते.

विसरावरचा उपाय जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये दाखवला. एका स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कधीकधी एक राहून जाई. त्यांनी सांगितलं, आधी दोन स्प्रिंग बशीत काढा, मग जोडणी करा. बशीत एक उरली की चूक समोर दिसते. बसबारला (पॅनेलमधल्या वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीला) १२ बोल्ट लागत असतील तर ट्रेमध्ये १२च द्या. मोजणी मात्र हेल्परने किंवा स्टोअरने करावी. फिटरनेच मोजले तर गडबडीत मूठभर उचलले जातात. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की आवाज करणारा पाना) ‘कट्’ वाजल्याबरोबर नट आणि बसबार दोन्हींवरून मार्करची एक रेघ ओढा. सगळे बोल्ट आवळून शेवटी एकदम रेघा मारल्या तर ती नुसती रंगरंगोटी.

विसर दोन जागी दबा धरून असतो. एक, काम मध्येच थांबल्यावर: फोन, चहा, वीज जाणं. परतल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन तिथून तपासत पुढे यावं. विमान दुरुस्तीतही हाच सल्ला देतात. दुसरी जागा, मुख्य काम झाल्यानंतरची शेवटची पायरी. मनाने काम ‘संपलं’ म्हटलेलं असतं. म्हणूनच बऱ्याच एटीएममधून आधी कार्ड बाहेर येतं, मग पैसे. पॅनेलमध्ये पाना राहतो तो याच क्षणी. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवा आणि दार लावण्याआधी फळीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणा: ‘फळी भरली.’ हसू येईल, पण जपानी रेल्वेत हीच रीत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत शंभर कृतींमागे २.३८ चुका होत्या. बोट दाखवून बोलल्यावर त्या ०.३८ वर आल्या.

दोन सह्यांवर फार भिस्त ठेवू नका. पहिला म्हणतो दुसरा बघेल, दुसरा म्हणतो पहिल्याने बघितलंय. दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता स्वतः मोजून लिहावा, तरच ती तपासणी.

समजचुकीचं नेहमीचं मूळ म्हणजे भिंतीवर चिकटलेलं जुनं ड्रॉइंग. नवं लावताना जुनं फाडा.

नियम मोडला असेल तर आधी बघा, किती जण मोडतात. सगळेच मोडत असतील तर नियमात खोट आहे. जूनमध्ये गॉगलवर वाफ धरते म्हणून तो कपाळावर जातो. तिथे नोटीस नको, वाफ न धरणारा गॉगल द्या.

आता वेळ. सातच्या पाळीसाठी कसारा-बदलापूरहून येणारा माणूस चारला उठतो. त्याला ओव्हरटाइमसाठी रात्री अकरापर्यंत थांबवलं तर तो १९ तास जागा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १७ तास जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरली होती. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. अशा माणसाला ओव्हरटाइममध्ये पॅकिंग द्या. प्रेस मशीन, टेस्टिंग आणि वीज चालू असलेल्या लाइनवरचं काम नको.

पाळी बदलताना दहा मिनिटं दोघेही मशीनपाशी उभे राहतील अशी वेळ बसवा. चार्ज देणाऱ्याने अर्धवट काय आहे ते हात लावून दाखवायचं, घेणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. नुसतं ‘सगळं ओके’ चालणार नाही.

चुकांची वही ठेवा, आणि थोडक्यात टळलेल्याही लिहा. रकाने चार: काय करायचं होतं, काय झालं, टेबलावर काय काय होतं, किती वाजले होते. नावाचा रकाना आखू नका. तो असला की पहिल्याच आठवड्यात वही कोरी राहते. शनिवारी वीस मिनिटं बसून वहीतली एकच नोंद निवडा आणि सोमवारपर्यंत त्या टेबलावरची एक वस्तू हलवा.