'राहिलेली परत घेऊ'

मुलांच्या पुस्तकांचं दुकान काढायचंय म्हणून महिन्याला एक-दोघी तरी माझ्याकडे येऊन बसतात. त्यांना भिंतींचे रंग आणि बसायच्या गाद्या यांबद्दल बोलायचं असतं. मी विचारते, वितरकाची न खपलेली पुस्तकं परत घेण्याची अट वाचलीत का? चेहरे पडतात. कोणी विचारलं असतं तर माझाही पडला असता.

माझं दुकान म्हणजे पुण्यात कर्वेनगरात सोसायटीच्या खालचा छोटा गाळा, पाचवं वर्ष चालू आहे. कागदपत्रांचा बाऊ करू नका. एक-दोनच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या 2017च्या दुकानांच्या कायद्याप्रमाणे दुकानाची नुसती सूचना द्यावी लागते. छापील पुस्तकांवर, चित्रपुस्तकांवरसुद्धा, जीएसटी शून्य. फक्त पुस्तकं विकलीत तर नोंदणीही लागत नाही. शेजारी खेळणी मांडलीत की मात्र नोंदणीसाठी एकूण उलाढाल मोजली जाते, त्यात पुस्तकांचीही धरतात. तेवढं सीएला विचारून घ्या.

आता खरं दुखणं. पहिली खरेदी मी एकाच वितरकाकडून केली, छापील किमतीने 1 लाख 10 हजारांची, 35 टक्के कमिशनवर, म्हणजे छापील किमतीच्या 65 टक्क्यांत. फोनवर ते म्हणाले, "घ्या हो ताई, राहिलेली परत घेऊ." मला वाटलं, मग धोका कसला? एकेका पुस्तकाच्या पाच-पाच प्रती मागवल्या.

परतीची मुदत 90 दिवसांची होती. मी ती दुकान उघडल्यापासून मोजत बसले, वितरक मोजत होते बिलाच्या तारखेपासून. पार्सल यायला बारा दिवस गेले, सुताराने महिना खाल्ला. म्हणजे अर्धी मुदत पुस्तकं खोक्यातच संपली. अटीत पुढे 'विक्रीयोग्य स्थितीत' असे दोन शब्द होते. मोठ्यांच्या दुकानात ते चालून जातात. आमच्याकडे गिऱ्हाईक चार वर्षांचं, हातात चकली. खिडक्या उघडायच्या एका पुस्तकातली हत्तीची खिडकी पहिल्याच शनिवारी निघाली, आणि शेजारच्या पानावर तेलाची चार बोटं स्पष्ट उमटली. त्यात मी हौसेने प्रत्येक कव्हरवर दुकानाच्या नावाचं स्टिकर लावलेलं. नखाने सोलायला गेले तर लॅमिनेशनसकट आलं.

छापील किमतीने 41 हजारांची पुस्तकं परत पाठवली, 17 हजारांची घेतली. ट्रान्सपोर्ट माझ्या खिशातून. पैसेही हातात नाहीत, क्रेडिट नोट. म्हणजे ते पैसे वसूल करायला पुन्हा त्यांच्याकडूनच माल घ्यायचा. नाकारलेल्या प्रतींचे 15,600 रुपये गेले ते गेलेच. फसवलं म्हणावं तर तसंही नाही. पुस्तकांचा बाजार असलेल्या अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या दुकानदार काकांकडे रडगाणं गायला गेले. त्यांनी माझं बिल घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून चष्मा पुसत बसले. एक शब्द बोलले नाहीत. सात हजार भरून मी वीकेंडची एक कार्यशाळा केली होती. तिथे कॉफीचा कोपरा कसा काढावा हे शिकवलं, बिल उलटं करायला कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून फी घेणाऱ्या मार्गदर्शकांवरून माझा विश्वास उडालाय. अन्याय असेल, असू दे.

मग चिडून 'पुस्तकांना हात लावू नये' अशी पाटी लावली. आठ दिवस ठेवली. आठही दिवस मुलं दाराशी घुटमळायची आणि आयांना ओढत बाहेर न्यायची. पाटी काढली.

आता प्रत्येक पुस्तकाच्या दोनच प्रती मागवते. एक हाताळायची, ती आणली त्याच दिवशी खर्चात टाकते. ती फाटो, चावली जावो, माझी. दुसरी पिशवीत, कपाटात. स्टिकर नाही, किंमत छापलेली असतेच. पार्सल आलं की परतीची तारीख कॅलेंडरवर दोन आठवडे अलीकडे लिहिते. आणि नव्या वितरकाला आधी व्हॉट्सॲपवर लेखी विचारते: मुदत कुठल्या तारखेपासून, वाहतूक कोणाची, हाताळलेली प्रत घेणार का? फोनवरचं 'घेऊ हो' धरू नका. पुन्हा सांगते, धरू नका.

हिशेबही ऐका. 60 रुपयांच्या मराठी चित्रपुस्तकावर 35 टक्क्यांनी 21 रुपये सुटतात. चौकात देतात म्हणून 10 टक्के सूट दिलीत तर उरले 15. माझं भाडं बारा हजार. म्हणजे महिन्याला 800 पुस्तकं, रोजची 27, नुसत्या भाड्यापुरती. घर चालवायला दोन वर्षं दुसरा पैसा नसेल तर हे करू नका. मी सूट बंद केली तेव्हा काही गिऱ्हाइकं गेली, बरीचशी राहिली. वह्या-गाईडं ठेवायचा सल्ला सगळे देतील. माझं मत विचाराल तर जूनमध्ये गल्ला भरतो, पण पुढे लोक तुम्हाला स्टेशनरीवाल्या म्हणून ओळखतात.

निवड मात्र वाटते तितकी अवघड नाही, त्यात घाबरू नका. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ 2015पासून फुकट आहे, मराठी गोष्टीही भरपूर. शनिवारी सतरंजीवर त्यातल्या दोन वाचून दाखवते. पुढच्या आठवड्यात मुलं जी परत मागतात, तिचं छापील पुस्तक मिळत असेल तर ते घेते. ज्योत्स्ना, एकलव्य, तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट या प्रकाशकांच्या याद्या नीट वाचल्यात तरी पहिलं कपाट भरतं. कमी पुस्तकांचं दुकान भकास दिसेल ही भीती मलाही होती. पण मुलांच्या उंचीवर, कव्हर समोर करून साठ पुस्तकं लावली तरी भिंत भरलेली दिसते.

माझं अजूनही चुकतं. दिवाळीला उत्साहात एका पुस्तकाच्या सहा प्रती मागवल्या, चार तशाच आहेत. कॅलेंडरवर उद्याच्या तारखेला लाल गोल आहे. खोकं टेबलाखाली उघडं ठेवलंय, दुकान बंद झालं की एकेक प्रत फडक्याने पुसून भरायची आहे.